समुद्राकडे तोंड करून

माझी ताई साठाव्या वर्षी पोहायला शिकली आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता संपली.

कारण म्हणाल तर गुडघे. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून चालवून तिच्या गुडघ्यांनी एके दिवशी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, नाहीतर जन्मभर काठी घेऊन चाला. ताईने काय करावं? काठी टेकत समुद्रापर्यंत गेली, काठी वाळूत रोवली आणि सरळ पाण्यात शिरली. ही तीच ताई, जी लहानपणी अंघोळीला बसवलं की शेजारपाजार गोळा होईल इतकी रडायची! तीन महिन्यांत काठी घरच्या कोपऱ्यात राहायला लागली. मग तिच्यामागून बेकरीवाली गेली, नर्सबाई गेल्या, आणखी पाच-सहा जणी गेल्या. रोज सकाळी पावणेसातला डोक्याला घट्ट रबरी टोप्या घालून या सगळ्या एका ओळीत गल्ली उतरायच्या. गल्लीने त्यांचं नाव ठेवलं 'बदकं'. नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते ताईला अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

मी नळवाला. नळ, पाईप, संडास, गटार, जे जे वाहतं ते माझं. सत्तावन्न वर्षांचा बाप्या आहे, टक्कल पडलंय, बिल्डर लोक मला वाकून विचारतात की काका, ही लाईन कुठून नेऊ. पण ताई भर रस्त्यात हाक मारते, "छोट्याऽऽ!" आणि मी वळतो. सवयीचा गुलाम, दुसरं काय.

आमचे वडील लवकर गेले. मला उस्तादांकडे काम शिकायला पाठवलं ते ताईने, आणि शिकून आल्यावर पहिलं काम दिलं तेही ताईने. गल्लीत तेव्हा पालिकेने नव्या लाईनी टाकल्या होत्या आणि घराघराला आपापला संडास त्यांना जोडून घ्यायचा होता. "माझ्या घराची जोडणी माझा भाऊ करेल," ताईने जाहीर केलं, आणि केली मी. मग ती घरोघर सांगत फिरली. गल्लीतल्या अकराच्या अकरा घरांची जोडणी माझ्या हातची आहे. ताईच्या शिवणाच्या दुकानात आजही माझा फोटो लावलाय. तेवीस वर्षांचा मी, खड्ड्यात कमरेइतका उभा, हातात पाईप, दात काढून हसतोय. कोणी गिऱ्हाईक आलं, त्याची मापं घेऊन झाली, की ताई टेप गळ्यात टाकून फोटोकडे बोट दाखवणारच. "माझ्या भावाचं काम. चौतीस वर्षांत एक थेंब गळला नाही."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

तर या वर्षी काय झालं, ताईचा कान फुटला. मग बेकरीवालीचं पोट बिघडलं. मग आणखी एकीच्या अंगावर पुरळ उठलं. नर्सबाईंनी एका सकाळी किनाऱ्यावर उभं राहून नाक वर केलं आणि वास घेत घेत त्या एका मोठ्या सिमेंटच्या पाइपाशी जाऊन थांबल्या. हा पाईप पावसाच्या पाण्याचा. रस्त्यांवरचं, छपरांवरचं पाणी त्यातून समुद्रात जातं. पण पावसाचा पत्ता नव्हता, आणि पाईप मात्र मजेत वाहत होता. त्यातून जे येत होतं ते छपरांवरचं नव्हतं, एवढं सांगितलं की पुरे. एरवी पाऊस सगळं धुऊन नेतो, यंदा ते किनाऱ्याशीच साचलं.

बदकांनी पाण्यात जाणं बंद केलं. पाच आठवड्यांत ताईची काठी कोपऱ्यातून बाहेर आली. दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि मी बघतोय असं दिसलं की मुद्दाम गाणं गुणगुणायची. मला ती काठी बघवेना. ताईशी मी रोज भांडतो, पण तिला काठी टेकताना बघणं म्हणजे नको वाटतं हो.

आता ताई गप्प बसणाऱ्यातली असती तर ही गोष्टच झाली नसती. दुकानाचं तिने कार्यालय करून टाकलं. कापायच्या टेबलावर पडद्याचं कापड पसरलं आणि फलक शिवायला घेतले. तिथे पहिलं भांडण झालं ते शब्दावरून. बेकरीवालीने 'सांडपाणी' सुचवलं.

"सांडपाणी म्हटलं की लोकांना वाटतं, कोणीतरी भांडी धुतली," ताई म्हणाली. "जे आहे ते लिहायचं. गू."

"अहो, मी पाव विकते! माझ्या दुकानावर तो शब्द टांगू?"

"मग तू नको टांगूस. बाकी सगळीकडे टांगू."

शेवटी बेकरीवर 'सांडपाणी' आणि उरलेल्या गावात तो दुसरा शब्द, असा समझोता झाला. शिवाय रोज सकाळी पावणेसातला या सगळ्या जणी टोप्या घालून, पोहण्याचे कपडे घालून, कोरड्याठाक किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसायच्या. समोर फलक: 'आम्हाला पाण्यात जायचं आहे.' लोक हसायचे, फोटो काढायचे, आणि फोटो काढता काढता वास आला की हसायचे थांबायचे. ताईचं डोकं असं चालतं.

महिन्याभराने पालिकेचे इंजिनिअर साहेब अवतरले. पॉलिश केलेले बूट, वाळूवर असे पाय टाकत होते जणू वाळूच त्यांना चावणार होती. किनाऱ्याच्या टोकाला पालिकेचं पंपघर आहे, गावाचा सगळा मैला तिथे गोळा होतो आणि तिथून पंपाने लांब शुद्धीकरणाला जातो. बदकांचा संशय त्या पंपघरावर.

"आमच्या पंपघरातून एक थेंब बाहेर जात नाही," साहेब म्हणाले.

"मग पाऊस नसताना पावसाच्या पाइपातून येतंय ते काय, दव?" ताईने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला ताईने जाणकार म्हणून उभं केलं होतं, धुतलेला शर्ट घालायला लावून. आणि मी, चौतीस वर्षांचा अनुभवी, छाती काढून म्हणालो, "साहेब, हे पंपघरच. मी लिहून देतो." नुसतं म्हणालो नाही, खरंच लिहून दिलं. माझी सही आहे त्यावर.

साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, कशावरून हे तुमच्याच घरांतलं नाही? घरांचीही तपासणी झाली पाहिजे. हिरवा रंग मिळतो, तो संडासात ओतायचा आणि पाइपाच्या तोंडाशी उभं राहायचं. रंग समुद्रात आला तर घर दोषी, नाही आला तर निर्दोष.

"करा की," ताई म्हणाली. "माझ्याच घरापासून करा. आमच्या गल्लीतली अकराही घरं एकाच हातची, एकाच पद्धतीची आहेत. एक तपासलं की अकरा तपासली. त्यानंतर मात्र तोच रंग तुमच्या पंपघरात टाकायचा." तिने तसं पत्रही दिलं आणि त्यावर साहेबांची सही घेतली. शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरली. वार्ताहर येणार, सगळं गाव येणार.

गुरुवारी दुपारी मी दुकानात फलकाचं एक टोक धरून उभा होतो. ताई दुसऱ्या टोकाला शिवण घालत होती. नर्सबाईंना सगळ्याच गोष्टींत रस. त्यांनी मला विचारलं की गल्लीखाली दोन लाईनी असतात, एक मैल्याची, एक पावसाच्या पाण्याची, मग तुम्हाला कळतं कसं, कुठली कुठली? मला असं कोणी विचारलं की मी फुलतो. मी सांगितलं, उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. या गावातली प्रत्येक गल्ली समुद्राकडे उतरते. खड्ड्यात उतरायचं, समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला मैल्याची, उजव्या हाताला पावसाची. झोपेतही चुकायचं नाही.

"किती सोपं," नर्सबाई म्हणाल्या, आणि माझ्या फोटोकडे बघून हसल्या. "आणि फोटो किती छान आलाय तुमचा. मागे समुद्र दिसतोय."

मागे.

मी तो फोटो हजार वेळा बघितला असेल. माझे केस बघितले, माझे दात बघितले. मागे समुद्र आहे हे कधी बघितलंच नव्हतं. मी समुद्राला पाठ करून उभा होतो, आणि माझा डावा हात पाईप घेऊन डावीकडच्या लाईनीवर टेकलेला होता.

माझ्या हातातलं फलकाचं टोक सुटलं. "अरे, धर ना नीट!" ताई ओरडली. धरलं. सगळं आठवलं. मी बरोबर उभा होतो हो, समुद्राकडे तोंड करून! तेवढ्यात ताई कोणाचा तरी कॅमेरा मागून घेऊन वरून आली आणि ओरडली, "छोट्या, इकडे बघ!" मी वळलो. हसलो. फोटो निघाला. आणि तसाच, वळलेला, पाईप उचलून मी डाव्या हाताला जोडून टाकला. पुढची दहा घरं केली ती ताईच्या घराची खूण धरून. वर पालिकेने डांबर ओतलं आणि चौतीस वर्षं कोणी झाकण उघडून बघितलं नाही. गल्लीतला आरोप करण्याजोगा गाढव एकच होता, आणि तो धुतलेला शर्ट घालून साहेबांना लिहून देऊन आला होता.

तरी माणसाची आशा बघा. शुक्रवारी ताई दुकानात गेल्यावर मी किल्लीने तिचं घर उघडलं. तिच्या कपड्यांच्या साबणाशेजारी नीळ ठेवलेली असते. अख्खी बाटली संडासात ओतली, वर सहा बादल्या पाणी, आणि धूम ठोकली समुद्राकडे. या वयात! वाटेत दोघांनी विचारलं, काका, काय झालं, कोण गेलं? पाइपाच्या तोंडाशी जाऊन धापा टाकत उभा राहिलो. दहा मिनिटं काही नाही. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात निळी धार आली. अगदी स्वच्छ निळी. चौतीस वर्षांत एक थेंब गळला नाही म्हणतात ते खोटं नव्हतं, सगळा माल जिथे पाठवला तिथे चोख पोचला होता. म्हणजे ताईचा कान, ताईचा गुडघा, ती काठी, सगळं माझंच कर्तृत्व. मी तिथेच वाळूत बसलो आणि मला रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

घरी आलो तर बायकोने माझे हात बघितले. निळे.

"अहो, हे काय?"

सांगितलं. तिने साबण माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "ताईंना आत्ता जाऊन सांगा."

"सांगतो की."

"आत्ता."

"सांगतो म्हटलं ना! माझी बहीण आहे, मला कळतं कधी सांगायचं!" असा तिच्यावरच खेकसलो आणि गेलो नाही. काय तोंडाने जाणार? आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. आम्हा नळवाल्यांकडे एक रबरी बूच असतं, फुग्यासारखं. रिकामं पाइपात सरकवायचं, सायकलच्या पंपाने हवा भरायची, की ते फुगून पाईप बंद. नवी लाईन गळते का ते बघायला वापरतात. ते ताईच्या अंगणातल्या झाकणाखाली बसवलं तर रंग दोन-तीन तास पुढे सरकणार नाही. घर निर्दोष ठरेल, साहेब पंपघराकडे वळतील, ताईची मान ताठ राहील. नंतर बघू, गुपचूप एकेक घर दुरुस्त करू. हे 'नंतर बघू' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर शिव्या घातल्यात, बरं का.

शनिवारी आठ वाजता ताई खुर्च्या मांडायला किनाऱ्यावर गेली. मी अंगणातलं झाकण उचललं, बूच सरकवलं, हवा भरली, बुचाला बांधलेली दोरी आतच सोडली, झाकण लावलं. चोराने सुद्धा इतक्या सफाईने केलं नसतं.

दहाला सगळं गाव जमलं. साहेब, त्यांचे दोन मदतनीस, वार्ताहर बाई, टोप्या घातलेली बदकं. ताईच्या घरात साहेबांच्या मदतनिसाने हिरवा रंग ओतला, बादल्या ओतल्या, आणि सगळी वरात गल्ली उतरून किनाऱ्यावर पाइपापाशी आली. ताई काठी टेकत सगळ्यांत मागे. मी तिला हात द्यायला गेलो तर झिडकारलं. "मी काय म्हातारी झालेय?"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंधरा गेली. पाइपातून नेहमीचं करडं पाणी येत होतं, हिरवं नाही. ताईने वार्ताहर बाईंना गाठलं. "लिहून घ्या. माझ्या भावाचं काम. चौतीस वर्षांत एक थेंब गळला नाही." आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेलो.

साहेबांचं तोंड आंबट झालं. अर्धा तास झाल्यावर त्यांनी पेन काढलं. "ठीक आहे. घर निर्दोष."

ताई वाळूत टेकली. गुडघा चोळत, पाण्याकडे बघत, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "छोट्या, पंपघराचं एकदा मिटलं ना, की आठ दिवसांत मी पाण्यात असेन बघ. फार आठवण येते रे."

आठ दिवसांत. आठ दिवसांत मी अकरा घरं काय, एक घरही गुपचूप खणू शकत नव्हतो. म्हणजे पंपघराची गळती बंद होवो न होवो, ही माझी बहीण टोपी घालून, आनंदाने, माझ्यावर विश्वास ठेवून थेट त्याच घाणीत उतरणार होती.

"साहेब," मी म्हणालो, "पेन खाली ठेवा. अजून रंग यायचाय."

"म्हणजे?"

"वीस मिनिटं थांबा. कोणी हलू नका."

आणि मी गल्ली चढायला लागलो. मागून ताईची हाक आली, "छोट्याऽऽ!" आयुष्यात पहिल्यांदा मी वळलो नाही. अंगणात गेलो, झाकण उचललं, बुचाची हवा सोडली आणि दोरी ओढली. आत साचलेलं सगळं हिरवं पाणी असं काही भळाभळा धावलं की बघत राहावं. चौतीस वर्षांनीसुद्धा उतार काय फक्कड दिला होता मी! मग ते बूच हातात धरून, ठिबकत होतं तसंच, किनाऱ्यावर आलो.

माझ्या आधी रंग पोचला होता. पाइपाच्या तोंडातून पोपटी हिरवी धार समुद्रात पडत होती आणि लाटा हिरव्या होत होत्या. बेकरीवालीने तोंडावर हात ठेवला होता. साहेबांचा चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा उजळला होता.

"बाई," साहेब म्हणाले, "हे तर तुमचंच निघालं!"

ताईने माझ्या हातातल्या बुचाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"केव्हापासून माहीत होतं?"

"परवापासून."

"किती घरं?"

"अकरा. तुझ्या घराची खूण धरून केली सगळी. ताई, मी उलटा उभा राहिलो होतो. समुद्राला पाठ करून."

मला वाटलं, काठी डोक्यात बसणार. मी मान खाली घातली, सोपं जावं म्हणून. पण ताईने काठी वाळूत रोवली, तिच्यावर भार टाकून उठली, आणि साहेबांकडे वळली.

"लिहा साहेब. घर दोषी. अकराही घरं दोषी. मालकीण मी, काम माझ्या भावाचं. लिहिलं? आता चला पंपघराकडे."

"आता कशाला? कारण तर सापडलं."

"एक सापडलं. पत्रात तपासण्या दोन लिहिल्यात, आणि त्यावर तुमची सही आहे." ताईने माझ्या हातातलं बूच घेतलं आणि साहेबांच्या चकचकीत बुटांसमोर वाळूत ठेवलं. "माझ्या भावाने सगळ्या गावासमोर स्वतःच्या हाताने हे काढून आणलं. तुम्हाला तर नुसतं झाकण उघडायचंय."

वार्ताहर बाई भराभर लिहीत होत्या. साहेबांनी बुचाकडे बघितलं, बाईंच्या वहीकडे बघितलं आणि निघाले. नर्सबाईंनी रंगाचा डबा आधीच काखेत मारला होता. पंपघरात रंग पडला, आम्ही परत पाइपापाशी आलो. अर्धा तास काही नाही, पाऊण तास काही नाही, साहेब घड्याळ बघून खाकरले, आणि मग विरत चाललेल्या माझ्या पोपटी धारेच्या शेजारी, पाइपाच्या दुसऱ्या कडेने, एक बारीक गडद हिरवी धार सुटली. जास्तीचं पाणी पावसाच्या पाइपात सोडायचा पंपघरातला लोखंडी दरवाजा वर्षानुवर्षं पूर्ण बंदच होत नव्हता. साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली. खरंच आली, कारण तासाभरापूर्वी मीही तसाच उभा होतो.

ताई माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. निरोप बायकोमार्फत यायचे. "त्याला म्हणावं, कामाला कधी लागणार?" "त्याला म्हणावं, डांबर फोडायची परवानगी मी काढून आणलीय." "त्याला म्हणावं, नीळ भरून दे." नीळ तिला कशी कळली ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सहाव्या दिवशी मी तिच्या दारात खणायला सुरुवात केली. कमरेइतकं खणून झालं, दोन्ही लाईनी दिसल्या, माझा जुना सांधा दिसला. बघितलं तर खरंच, केसाइतकीही भेग नाही. मी तो तोडायला हातोडी उचलली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई येऊन बसली होती.

"तोंड कुठे आहे तुझं?" ती म्हणाली. पाच दिवसांतला पहिला शब्द.

"समुद्राकडे."

"दिसतोय का?"

"दिसतोय."

"मग तसाच राहा."

मी नवा पाईप उचलला, आता डावा हात खरोखरचा डावा, आणि मैल्याच्या लाईनीला जोडायला वाकलो. मागून खट्ट असा आवाज झाला. मी ओळखलं. मान वळणारच होती.

"वळू नकोस!" ताई किंचाळली. "मेल्या, वळलास तर बघ! जोड आधी!"

जोडला. सिमेंट बसेपर्यंत सांधा दाबून धरला. मागे ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, कारण मी वळलो नाही.

अकरा घरांना सात आठवडे लागले. पालिकेला एका दरवाजाला नऊ लागले, आणि त्या नऊही आठवडे बदकं रोज खुर्च्या टाकून बसली होती. नर्सबाई दर सोमवारी बाटली भरून तपासायला पाठवायच्या. एका सोमवारी निकाल चांगला आला, मग पुढच्याही सोमवारी चांगला आला, आणि मंगळवारी सकाळी पावणेसातला ताईने काठी वाळूत रोवली आणि आत शिरली. मी लांबून बघत होतो. गळ्याइतक्या पाण्यात गेल्यावर तिने मागे वळून हाक मारली, "छोट्याऽऽ, ये की!" मी हात हलवून नाही म्हटलं. मला पोहता येत नाही. पाण्याचं काम करणाऱ्याला पोहता येत नाही यावर ती आता रोज बोलते.

दुकानात माझे आता दोन फोटो आहेत. जुना तसाच आहे, दात काढून हसणारा. त्याच्या शेजारी नवा. नव्या फोटोत माझी पाठ दिसते, टक्कल दिसतं, आणि पुढे सगळा समुद्र. परवा मी बटण लावून घ्यायला गेलो होतो, तेव्हा एक नवं गिऱ्हाईक आलं होतं. ताईने मापं घेतली, टेप गळ्यात टाकली आणि पहिल्या फोटोकडे बोट केलं.

"माझ्या भावाचं काम," ती म्हणाली. "चौतीस वर्षांत एक थेंब गळला नाही. सगळा इमानदारीत समुद्रात गेला."

गिऱ्हाईक गोंधळलं. मी कपाळाला हात लावला. ताईचं बोट मग दुसऱ्या फोटोवर गेलं आणि तिथेच थोडा वेळ राहिलं.

"आणि हेही त्याचंच काम," ती म्हणाली. "यात तोंड दिसत नाही. पण मला हाच फोटो जास्त आवडतो."